पाचाचा तीळ

कामा नदी गोठली त्या आठवड्यात हामित आला.
टोपी न काढताच रुमालाची गाठ सोडत बसला.
आत झाकणाचं घड्याळ, आंधळ्यांसाठी केलेलं.
सहाच्या बाजूला कळ, दाबली की झाकण उघडायला हवं.
उघडलं नाही. मी नखाने उघडलं.

काच नाही. अशा घड्याळाला नसतेच,
वेळ बोटाने बघायची असते.
म्हणून काटे जाड, म्हणून तबकडीवर उंच ठिपके:
बाराला तीन, तीन-सहा-नवाला दोन दोन,
बाकीच्यांना एकेक.
चिस्तोपोलच्या कारखान्यात तीस वर्षं बसले मी,
हाताखालून किती घड्याळं गेली, देव जाणे.
हे असलं दुसऱ्यांदाच.

"आईचं," हामित म्हणाला. "मिनलेगुलचं."
आमच्याकडे अंगावर तीळ घेऊन आलेल्या मुलीच्या
नावातही तीळ घालतात,
म्हणजे तो वाढत नाही म्हणे.

मागचं झाकण फिरवलं. आतून
सुईने कोरलेल्या तारखा, जुन्या कारागिरांच्या.
एकोणसत्तर. सत्याहत्तर. एक्याण्णव.
शेवटची सही लागत नाही, वळण मात्र घाईचं.
आणि चक्रांवर काळी साय.
धूळ नव्हे, बोटांचं तेल.
जितक्यांदा तिने वेळ विचारली
तितक्यांदा ती थोडी थोडी आत उतरली होती.
मी ते बेंझिनमध्ये धुतलं. धुवायलाच हवं.
वाटीतलं बेंझिन कोऱ्या चहासारखं झालं
आणि ते ओतायला मी उठले, बसले, परत उठले.

बॅलन्सचा आस मोडलेला. नवा कुठे मिळत नाही.
लेथवर काढला. पहिला केसभर जाड,
दुसरा चिमट्यातून उडाला आणि फरशीने गिळला,
तिसरा बसला.
चौथ्या दिवशी दिवेलागणीला चाक हललं,
अडखळलं, जरा विचारात पडलं,
मग चालू लागलं, जणू मध्ये काही झालंच नाही.

तेव्हा कुठे मी डोळे मिटून तबकडीवर बोट फिरवलं.
पाचावर बोट घसरलं.
भिंग लावलं. ठिपका गळालेला नव्हता,
झिजला होता. तिळतिळ.

हामितला फोन केला: पाचाला काय असायचं?
"पाचाला? कारखान्याचा भोंगा... नाही, तो चारला.
गाईची धार काढायची वेळ...
पण गाय तर मी शाळेत जायच्या आधीच विकली."
मग नुसता श्वास.
मग म्हणाला, "तो भरून टाका.
घड्याळ नातीला द्यायचंय, आयझिरेकला.
नऊ वर्षांची आहे. नजर जातेय तिची.
तिला सगळे आकडे लागतील."

त्याचं खरंच होतं.
मी पितळेचा दाणा घडवला, खसखशीएवढा.
बारीक ड्रिल लावलं. काढलं. लावलं.
दोन संध्याकाळी अशाच गेल्या,
म्हणून म्हटलं, पोरीलाच घेऊन या.

बुटांतलं बर्फ झटकत आली, माझ्याकडे तिरकं बघत;
कडेकडेचंच काय ते दिसतं तिला आता.
मी काही सांगितलं नाही. घड्याळ हातात दिलं.
तीन ठिपक्यांवरून तिने चालायला सुरुवात केली,
एक, दोन, जोडीचा तीन, चार,
आणि थांबली. बोट मागे, पुन्हा पुढे.

"इथे गुळगुळीत आहे."
मी गप्प.
"म्हणजे हा पाच. एकेकटे सगळे सारखेच,
मोजत बसावं लागतं.
हा लगेच सापडतो."

हामित भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिला,
त्यात मागच्याच महिन्याचं पान होतं.
"आजोबा, पाचाला काय असतं?"
खोलीत कुणालाच माहीत नव्हतं.

पितळेचा दाणा अजून माझ्या खणात आहे.
मागच्या झाकणात मी तारीख कोरली
आणि सही, वाचता येईल अशी.
हामितने निम्मे पैसे दिले,
उरलेले बर्फ वितळल्यावर.
मध पण आणतो म्हणाला.